दोन पायांची गाय

लोधीखेड्याच्या वत्सलेचा कोणावर भरवसा नसे. शेजारीण ताक मागायला आली, तर ही आधी तिच्या भांड्यात डोकावून पाही. बसचा कंडक्टर दारात लटकून ‘सौंसर, सौंसर’ ओरडत असला, तरी ड्रायव्हरला विचारल्याशिवाय ती पायरीवर पाय ठेवत नसे. नवरा दादाराव चेष्टेनं म्हणे, “तुले सूर्य उगवला म्हटलं तरी तू बाहेर जाऊन पाहून येशील.” ती म्हणे, “येईन नाही तर काय!”

माहेरी ती अशी नव्हती. पांढुर्ण्याला तिचे वडील जिनिंगमध्ये मुकादम होते आणि पोरगी नववीपर्यंत शिकलेली होती. लोधीखेड्याहून भगवंतराव मुलासाठी तिला पाहायला आले, तेव्हा छाती फुगवून सांगत होते की मुलगा नागपूरला मिलमध्ये नोकरीला आहे, पोरगी शहरात राहील. वत्सलेनं मनात नागपूरच्या खोलीतलं स्वयंपाकघरसुद्धा लावून ठेवलं होतं. लग्न झालं, मांडव उतरला, आणि मग कळलं की दादारावांनी मिल सोडून बरेच महिने झाले होते. नागपूरच्या खोलीऐवजी कपाशीचं वावर आणि संत्र्याची बाग वाट्याला आली. दादाराव माणूस भला होता, तो तिला कधी टोचून बोलला नाही. पण त्या दिवसापासून कोणी काही सांगितलं की वत्सलेच्या मनात पहिला प्रश्न यायचा, हा असं काहून सांगून राहिला असेल?

पुढे धाकट्या दिराचं, गुलाबचं लग्न झालं आणि घरात चंद्रकला आली. गोरी, हसरी, कामाला चलाख. तिच्या बापानं बैठकीत सांगितलं होतं की आमची पोरगी इंग्रजी वाचते. भगवंतरावांनी, सुनांच्या मामाजींनी, ते गावभर केलं. पारावर, बाजारात, कापसाच्या गाडीवर, जिथे माणूस भेटेल तिथे ते सांगत, “धाकटी सून इंग्रजीत हुशार हाय.” नववी शिकलेली थोरली सून त्यांच्या बोलण्यात कुठेच नसे. वत्सला भाकरी थापता थापता ऐके आणि तव्यावरची भाकरी जरा जास्तच भाजे.

सत्त्याऐंशी साली गावात अंगणवाडी उघडणार अशी बोलवा आली. बाई गावातलीच घेणार, आणि मॅट्रिक झालेली असेल तर तिला आधी. भगवंतरावांनी फर्मान काढलं की चंद्रकलेनं प्रायव्हेट परीक्षेला बसायचं. दादारावांनी पहिल्यांदाच बापापुढे तोंड उघडलं, “मग वत्सला बी बसंन.” अशा दोघी जावा एका जागेसाठी एकाच परीक्षेला बसल्या.

हिंदी, गणित, समाजशास्त्र कसंही निघालं असतं. खरी भीती इंग्रजीची, आणि त्यातही लिहायच्या प्रश्नांची. एक निबंध, एक अर्ज, एक पत्र. दादारावांनी पांढुर्ण्याहून गाईड आणलं, दोघींत मिळून एकच. त्यात गाय, पोस्टमन, रेल्वेचा प्रवास, माझं गाव असे निबंध छापलेले होते. जो तो हेच सांगे की पाठ करा आणि उतरवून या.

अभ्यास सुरू झाला तसा वत्सलेचा संशयही कामाला लागला. पहिली गोष्ट म्हणजे चंद्रकला गाईड कधी मागतच नसे. मागायचीच तर असं मागायची, “ताई, तुम्हीच वाचा ना मोठ्यानं. तुमच्या तोंडून ऐकलं की बरं वाटते.” वत्सला वाचे, अडखळे, पुन्हा वाचे. चंद्रकला कापूस निवडत, मान खाली घालून ऐके. वत्सलेला वाटे, ही माझ्या चुका मोजून राहिली. हिला सारं येते, मले हसायला बसली ही.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. एकदा वावरात कापूस वेचताना वत्सला तुरीच्या ओळीमागं होती. पलीकडून चंद्रकलेचा आवाज आला. गाईचा अख्खा निबंध, कुठेही न थांबता, गाणं म्हणावं तसा. वत्सला ओळीतून बाहेर आली.

“तुझं तर झालंच वाटते सारं?”

चंद्रकला दचकली. ओटीतला कापूस सांडला. “कुठचं ताई! मले काहीच येत नाही.”

एवढं घडाघडा म्हणणारी बाई म्हणते काहीच येत नाही! वत्सलेनं त्या रात्री दादारावांना सांगितलं, “तुमची भावजय दिसते तशी नाही.” दादाराव घोरत होते.

तिसरी गोष्ट म्हणजे सौंसरचा बाजार. दर बाजाराला चंद्रकलेची दाढ दुखायची. डाक्टरकडे जातो म्हणून ती एकटीच बसनं जाई आणि दुपार कलली की परत येई. येताना चेहरा उतरलेला, पण गाल कधी सुजलेला दिसला नाही. जेवताना ती त्याच दाढेनं हरभरे फोडायची. वत्सलेनं मनाशी गणित मांडलं. ही कोणाकडे तरी शिकवणी लावून बसली आहे. कदाचित पेपर काढणाऱ्याच मास्तराकडे. कदाचित त्याहून वाईट काही असेल. तो विचार तिनं पुरता केला नाही, पण सोडलाही नाही.

पुढच्या बाजाराला तीही निघाली. चंद्रकला गेली ती बस तिनं जाऊ दिली आणि मागच्या जीपनं सौंसर गाठलं. बसस्टँडवर संत्र्यांच्या पेट्या लागल्या होत्या, त्यांच्या आडून तिनं चंद्रकलेला पाहिलं. ती दवाखान्याच्या वाटेला वळलीच नाही. मागच्या गल्लीत शिरली आणि एका कौलारू घरात गेली. दाराबाहेर पुरुषाच्या चपला होत्या. खरं तर वत्सलेला आनंद व्हायला हवा होता, तिचा संशय खरा ठरत होता. पण तसा झाला नाही. ती खिडकीशी गेली.

आत एक पोक्तशी बाई खुर्चीवर बसली होती. कोपऱ्यात एक म्हातारा बाजेवर पेपर वाचत होता. चंद्रकला खाली पाटावर बसलेली, समोर पाटी. पाटीवर अक्षरं होती, मोठी मोठी, लहान मुलांची असतात तशी.

“पोट कोणत्या बाजूनं?” बाईनं विचारलं.

चंद्रकला म्हणाली, “उजवीकडं. बी.”

“आणि हे?”

“हेही बी… नाही. डी.”

वत्सला खिडकीपासून मागं सरली. तिला काही कळेना. जी बाई गाईचा निबंध गाण्यासारखा म्हणते, तिला बी आणि डी ओळखू येत नाही?

परतीच्या बसमध्ये तिनं मुद्दाम चंद्रकलेच्या शेजारची जागा धरली. चंद्रकलेनं तिला पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“दाढ कशी हाय?” वत्सलेनं विचारलं.

चंद्रकला खिडकीकडे तोंड करून म्हणाली, “तुम्ही पाहिलं ना ताई?”

“पाहिलं.”

“आमच्या गावच्या शाळेत इंग्रजीचा मास्तरच नव्हता. आठवीच्या परीक्षेत हेडमास्तरानं फळ्यावर उत्तरं लिहून देली, आम्ही चित्र काढल्यावानी उतरवली. बाबानं बैठकीत उगाच सांगितलं इंग्रजी वाचते म्हणून. मी पडद्याआड होती. तिथंच मले मरावं वाटलं.” तिनं पदर तोंडाला लावला. “तुमच्या तोंडून ऐकून पाठ करतो. लिहिता येत नाही. उषाबाई माह्या मामीच्या वळखीच्या, प्रायमरीत शिकवतात. त्या शिकवून राहिल्या. मामाजीले सांगू नका ताई. मी पाया पडतो.”

रडणाऱ्याचा काय भरवसा? वत्सलेला वाटलं, पकडली गेली म्हणून ही गोष्ट रचून सांगत असेल. पाटीसुद्धा देखावा असेल. खात्री केल्याशिवाय ती कशावरच थांबणारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर कापूस निवडताना तिनं गाईड उघडलं आणि गाईचा निबंध नव्यानं वाचून दाखवला. मात्र मधल्या एका वाक्यात गाईला चारऐवजी दोन पाय दिले. आवाजही बदलला नाही. चंद्रकला ऐकत राहिली. तिसऱ्या दिवशी वत्सला म्हणाली, “म्हणून दाखव बरं.” चंद्रकलेनं डोळे मिटून म्हटलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. गाईला दोन पाय होते.

वत्सलेला हसू आलं नाही. ती गाईड मिटून आत गेली आणि चुलीपुढं बसून राहिली. म्हणजे बाई खरं बोलली होती. आणि आपण तिच्या डोक्यात असा निबंध घातला होता की पेपरात उतरवला तर तपासणारा मास्तर पोट धरून हसला असता. मग दुसरा विचार आला, आणि तो जरा गोड होता. राहू द्यावं तसंच. जागा एकच आहे. आपण कुठं काही केलं, तिनं ऐकलं आणि तिनं म्हटलं.

तो विचार तिनं काही दिवस जपला. चंद्रकला तिच्यापुढं तेच दोन पाय म्हणत राहिली, इतक्या भक्तीनं की वत्सलेला तिच्याकडे पाहवेना. शेवटी एका सकाळी विहिरीवर पाणी ओढता ओढता ती खेकसली, “गाईले किती पाय असतात वं?”

“चार.”

“मग दोन काहून म्हणून राहिली?”

चंद्रकला गोंधळली. “तुम्ही वाचलं ना तसं.”

“मी मुद्दाम चुकीचं वाचलं होतं. तू खरी का खोटी ते पाहत होती.”

चंद्रकलेनं दोर सोडून दिला. बादली धाडकन आत गेली. ती रडेल असं वत्सलेला वाटलं, पण ती म्हणाली, “मले बी तुमच्यावर भरोसा नव्हताच ताई. तुम्ही केव्हा सांगाल म्हणून रात्री झोप येत नव्हती.”

“मग माझ्यापाशी काहून बसत होती?”

“दुसरं कोण वाचून दाखवते?”

त्या दिवसापासून वत्सला तिला शिकवू लागली. उदारपणे नाही, कुरकुरत, डाफरत, आणि दर वाक्याला अर्थ विचारत. अर्थ आल्याशिवाय पुढं जायचं नाही. मग हेडमास्तरांना लिहायचा रजेचा अर्ज घेतला. त्यात सुरुवातीलाच ‘आय बेग’ होतं. वत्सलेनं शब्दकोशात पाहून सांगितलं, बेग म्हणजे भीक मागणं.

“ताप आला तर रजेची भीक मागायची?” चंद्रकलेनं विचारलं.

“इंग्रजीत मागत असतील.”

“मले तं नाही जमणार बाप्पा.”

अर्थ कळायला लागले तशी चंद्रकला प्रश्न फार विचारू लागली. त्यातून वत्सलेलाही ते कळायला लागलं, जे तिनं नववीपर्यंत नुसतं पाठ केलं होतं. दोघींनी मिळून लोधीखेड्यावर सात-आठ सोपी वाक्यं बनवली. संत्री, शाळा, नाला, बाजार. गाईडमधल्या गावापेक्षा ते गाव बरंच लहान होतं. तरी चंद्रकला सौंसरला गेली की वत्सलेची शंका जागी होई. उषाबाई हिला काही जास्तीचं सांगत असतील का? आली की ती पाटी मागून पाही.

मार्चमध्ये सौंसरला इंग्रजीचा पेपर झाला. निबंधाला गाय आली नाही. जत्रा आली, विज्ञान आलं, आणि माझं गाव आलं. वत्सलेनं लिहायला घेतलं आणि मान वर केली, तर पुढच्या बाकावरची चंद्रकला पेन धरून नुसती बसलेली. लिही ना, तिनं मनात म्हटलं. मग चंद्रकलेचा हात हलू लागला, सावकाश, एकेक अक्षर. घंटा झाली तेव्हा तिचं पत्र अर्धंच झालं होतं.

निकाल लागला. वत्सला तिसऱ्या श्रेणीत पास. चंद्रकलेला सप्लीमेंट्री, आणि तीही नेमकी इंग्रजीत.

भगवंतराव अंगणात येऊन उभे राहिले. “गणितात पास अन् इंग्रजीत नापास? हुशार पोरगी इंग्रजीत नापास?” त्यांची नजर वत्सलेवर थांबली. “तूच शिकवत होती ना तिले? काही उलटंसुलटं तर नाही शिकवलं?”

दोन पायांची गाय वत्सलेच्या डोळ्यांपुढं उभी राहिली. चंद्रकलेचं गुपित एका वाक्यात सांगितलं असतं तर ती सुटली असती. तिनं ओठ दाबून धरले, आणि आता चंद्रकला काय म्हणते याची वाट पाहू लागली. तिला वाटलं, गप्प राहील. कोण उगाच आपल्या गळ्यात फास घालून घेते?

चंद्रकला दारातून बाहेर आली. डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, “मामाजी, मले इंग्रजी येतच नव्हतं. बाबानं खोटं सांगितलं होतं. जे काय आलं ते ताईनं शिकवलं.”

भगवंतराव गरजले, “म्हणजे तुझ्या बापानं मले फसवलं? लग्नाच्या बैठकीत बसून फसवलं?”

“मामाजी,” वत्सला हळू म्हणाली, “माह्या बाबाले बी बैठकीतच सांगितलं होतं, मुलगा नागपूरले नोकरीले हाय.”

गोठ्याकडे निघालेले दादाराव तिथेच थबकले. भगवंतराव टोपी डोक्यावर घालून पाराकडे निघून गेले. त्या दिवसापासून पारावर कोणत्याच सुनेचं इंग्रजी निघालं नाही.

अंगणवाडीची जागा दोघींनाही मिळाली नाही. ती एका बड्या माणसाच्या पुतणीला गेली. “मले आधीच वाटलं होतं,” वत्सला म्हणाली, आणि ते खरं होतं. पुढच्या वर्षी शेजारच्या टोल्यावर, म्हणजे लहान वस्तीत, दुसरं केंद्र उघडलं तेव्हा तिला घेतलं. हुकूम हातात आला तरी मुलांसमोर बसेपर्यंत तिनं तो खरा मानला नाही.

चंद्रकला सप्लीमेंट्रीच्या फेरपरीक्षेतही नापास झाली. त्याच्या पुढच्या परीक्षेच्या निकालाचा पेपर दादारावांनी बसस्टँडवरून आणला आणि चंद्रकलेच्या नंबरावर बोट ठेवून दाखवलं. चंद्रकला नाचायचीच बाकी होती. वत्सलेनं पेपर हातात घेतला, नंबर तीनदा वाचला, मागची बाजू पाहिली.

“सौंसरले जा,” ती नवऱ्याला म्हणाली, “दुसरा पेपर पाहून या.”

“अवं, हाच पेपर तिथं असते. तेच छापलेलं हाय.”

“असू द्या. जा तरी.”