सासऱ्यांची जपानी काठी

माझ्या सासऱ्यांइतका प्रेमळ माणूस मी पाहिला नाही, आणि आपल्या माणसांना चारचौघांत मान खाली घालायला लावण्यात त्यांच्याइतका तयारीचा माणूस साऱ्या डहाणू तालुक्यात झाला नसेल. सकाळी धाकट्या डहाणूच्या किनाऱ्याला होड्या लागत, बायका पाट्या घेऊन धावत, आणि त्या गडबडीत आमचे मामा, म्हणजे हेच सासरे, कमरेला नुसता रुमाल गुंडाळून एका सुरूच्या झाडाला वाकून नमस्कार करत. मग दोन्ही हातांत धरलेली बांबूची काठी डोक्यावर नेत, पोटातून आरोळी काढत, वाळूत पाय आपटत आणि झाडाला बांधलेल्या गोणपाटावर हाणत. मग पुन्हा नमस्कार. माझ्या लग्नाची बोलणी करायला आम्ही उंबरगावकडून प्रथम त्या गावात शिरलो तेव्हा हेच दिसले. वडील हळहळले, "कुणी वेडा दिसतोय बिचारा." थोड्या वेळाने तोच बिचारा सदरा-टोपी घालून मुलीचा बाप म्हणून आमच्यासमोर येऊन बसला.

तरुणपणी मामा आगबोटीवर खलाशी होते. दुसऱ्या महायुद्धाच्या बऱ्याच आधी त्यांची बोट जपानात कोबे बंदरात दुरुस्तीला लागली. बाकीचे खलाशी गावात उंडारत असताना हे गोदीमागच्या एका म्हाताऱ्या पोलिसाच्या अंगणात जाऊन बसू लागले. तिथे केंडो चाले, म्हणजे बांबूच्या तलवारींचा खेळ. म्हाताऱ्याने खुणांनी यांच्या डोक्यात एवढेच भरले की आरोळी, पाय आणि काठी ही तिन्ही एकाच क्षणी पडली तरच तो फटका, नाहीतर ते नुसते धुणे धोपटणे. जपान सुटला, आगबोट सुटली, हे काही सुटले नाही. आणि यांची तिन्ही तर कधी एकदम पडतच नसत. फटका मारून मामा डोळे मिटून उभे राहत आणि खिन्नपणे म्हणत, "नाय. पाय मागं रायला."

फटका नेमका कधी मारायचा याचे त्यांचे शास्त्र मात्र खाडीच्या तोंडाशी तयार झालेले होते. "होडी भायेर काढताना लाट फुटल्यावर वल्हं मारलं तं मेलो. लाटेनं मनात आणलं का तवाच मारायचं. माणसाचं पण तसंच हाय, जावईबापू. त्यानं काठी उचलल्यावर काय उपेग? खांदा जरा हलला का हाण!"

झाडाला खांदा नसतो ही मोठीच अडचण होती, आणि ती दूर करण्यासाठी देवाने त्यांना जावई दिला. मी डहाणूच्या शाळेत मास्तर, बिऱ्हाड मसोलीला. रविवारी सासरी जेवायला जायचे म्हणजे आधी डोक्यावर गोधडीची घडी आणि तिच्यावर मासळीची पालथी पाटी घालून किनाऱ्यावर उभे राहायचे. माझ्या वर्गातली पोरे मुद्दाम वाट वाकडी करून तिथून जात. सोमवारी फळ्यावर पाटीवाल्या मास्तरांचे चित्र असे, आणि ते पुसताना माझ्या केसांना बोंबलाचा वास येत असे. सासूबाई ओरडत, "अवो, जावय हाय तो, सुरूचं झाड नाय!" एकदा मामांची काठी बोंबील वाळवायच्या दोरीत अडकली आणि अख्खी दोरी वाळूत आली. मामांनी आधी बोंबलांना नमस्कार करून माफी मागितली, सासूबाईंची नंतर. नाक्यावरचा गुजराती दुकानदार मला अडवून विचारी, "मास्तर, सवार सवारमां आ शुं छे?" सकाळी सकाळी हे काय चालते, याला मी कधी व्यायाम म्हणायचो, कधी वैद्याने सांगितलंय म्हणायचो, आणि छत्री उघडून चालू लागायचो.

एका सव्वीस जानेवारीला तलासरीच्या मैदानात लाठीच्या सामन्यांच्या जोड्या लागणार होत्या. मामांनी नाव दिले. मी बरोबर गेलो आणि गर्दीत शक्य तितका मागे उभा राहिलो. यांच्यासमोर आला गवताच्या वखारीचा राखणदार, उंचापुरा माणूस, पंचक्रोशीत लाठीसाठी नावाजलेला. मामांनी रीतीप्रमाणे कमरेत वाकून त्याला नमस्कार केला आणि काठी डोक्यावर नेली. त्यांच्या हिशेबाने सामना सुरू झाला होता. पण आपल्याकडे मैदानात उतरणारा गडी आधी माती कपाळाला लावतो. राखणदार माती घ्यायला खाली वाकला. त्याचा खांदा हलला.

आरोळी, पाय आणि काठी. मी मागून पाहिले तरी मला कळले. इतक्या वर्षांत जे कधी जमले नव्हते ते त्या क्षणी जमले. तिन्ही एकदम पडली, मातीला हात लावलेल्या माणसाच्या डोक्यात.

तो खाली बसला. लोकांनी शिट्ट्या मारल्या, टोप्या उडवल्या, मामांना उचलून घेतले. बक्षिसाचा पितळी तांब्या त्यांनी हातात घेतलाच नाही, म्हणून लोकांनी तो माझ्या हातात कोंबला. परतीच्या एसटीत मामा खिडकीकडे तोंड करून बसले होते. चारोटी गेल्यावर त्यांनी हलकेच विचारले, "लागली ना, जावईबापू? तिन्ही एकदम?"

"लागली, मामा."

"आनि तो मातीला वाकला व्हता."

त्यानंतर त्यांनी काठी घराच्या आढ्यात खोचली. किनाऱ्यावरची आरोळी थांबली. मला खरे तर सुटल्यासारखे वाटायला हवे होते. पण इतकी वर्षे मला त्यांची लाज वाटत होती, आता त्यांना स्वतःची वाटू लागली, आणि ते मला पाहवेना. बाजारात तलासरीकडचा माणूस दिसला की ते कुणाच्या तरी पडवीत शिरून बसत.

शेवटी मीच त्यांना तलासरीला नेले. वखारीशी पोचताच त्यांनी तांब्या राखणदाराच्या पायाशी ठेवला, काठी त्याच्या हातात दिली आणि डोके पुढे केले. "मारा. माजी चूक झाली. तुमी माती घेत व्हता."

राखणदाराने डोक्यावरची टेंगळाची जागा चाचपली. "अवो, मना वाटलं तुमच्या दर्याकडं अशीच सुरुवात करतात! मी म्हटलं, आता आपली पाळी कवा येतेय?"

"मंग मारा ना."

"मारतो. आधी च्या घ्या."

चहा झाला, भाकरी झाली, गवताच्या भावाच्या गप्पा झाल्या, पण त्याने काही मारले नाही. पुढे तोच अधूनमधून सुके बोंबील न्यायला धाकट्या डहाणूला येऊ लागला. दर वेळी मामा डोके पुढे करत, आणि तो "पुढच्या खेपेला" म्हणे. मामांनी काठी पुन्हा हाती धरली खरी, पण समोरच्याचा खांदा हलला की आता त्यांचाच हात वर थबके. "तयार हाव ना?" असे विचारत आणि मी हो म्हणेपर्यंत क्षण निघून गेलेला असे. पाटी घालून मी पुन्हा किनाऱ्यावर उभा राही, आणि एकदा तरी त्यांनी न विचारता मारावे असे मला फार वाटे. त्यांनी मारले नाही.

शेवटच्या आजारात ते अंथरुणातच होते. मी उशाशी बसलो होतो. त्यांनी मला खाली वाकायला सांगितले.

"जावईबापू, त्या दिशी... लागली व्हती ना?"

"काय लागली होती, मामा! आरोळी, पाय, काठी, तिन्ही एकदम. तसा फटका मी पुन्हा पाहिला नाही."

त्यांचा चेहरा असा फुलला की मला रडू आवरेना. मग एकदम ते लाजले, गोधडी नाकापर्यंत ओढली आणि दाराकडे पाहत कुजबुजले, "हळू बोला वो. तो तलासरीसून आलाय, पडवीत बसलाय."