चोवीस तारखेचा फोन

आधीच सांगून टाकतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आमच्या नागपूरच्या घरात ते शक्यच नव्हतं. चौकात कुणी उतारा ठेवला की बाबा त्यातला नारळ उचलून घरी आणायचे आणि आम्ही तो फोडून खायचो. बरं, ज्या काळातली ही गोष्ट, तेव्हा मी मॉर्मन या अमेरिकी ख्रिस्ती पंथाचा मिशनरी होतो. देवदूत मानणारा पोरगा भुतं मानत नाही म्हणतो... हसा खुशाल.

दहा-बारा वर्षं झाली असतील. जबलपूर, डिसेंबर महिना. मी एकवीस वर्षांचा. पांढरा शर्ट, टाय, खिशावर काळी पट्टी आणि तिच्यावर ‘एल्डर’ आणि आडनाव; आमच्यात प्रत्येक मिशनरी पोराला एल्डरच म्हणतात. गोहलपुरातले दुकानदार आम्हाला विमा एजंट समजायचे. “भैया, पॉलिसी नहीं चाहिए,” असं लांबूनच हात हलवून सांगायचे.

आमचे दोन नियम तुम्हाला माहीत असायला हवेत. पहिला, जोडीदाराच्या नजरेआड व्हायचं नाही, बाथरूम सोडून. माझा जोडीदार एल्डर राव, राजमुंद्रीकडचा. त्याला मराठी येत होतं ते फक्त ‘जेवला का’, आणि तेही मीच शिकवलेलं. दुसरा नियम, घरी फोन वर्षातून दोनदाच. मे महिन्यात मदर्स डेला आणि मग ख्रिसमसला. आता हे सैल झालंय म्हणे. तेव्हा नव्हतं. दोघांत मिळून एक साधा मोबाइल, तो रावच्या खिशात असायचा.

मी घरातून खोटं सांगून निघालो होतो. हैदराबादला नोकरीचं ट्रेनिंग आहे असं बाबांना सांगितलं आणि खरं काय ते चिठ्ठीत लिहून टीव्हीवर ठेवलं. समोरासमोर बोलायची हिंमत नव्हती, दुसरं काही नाही. मे महिन्यात फोन केला तेव्हा आई हळू आवाजात बोलली. मागे टीव्ही ऐकू येत होता, म्हणजे बाबा तिथंच बसले होते. “त्यांना दे ना,” मी म्हटलं. तर मला नीट ऐकू जाईल अशा बेतानं बाबा आईला म्हणाले, “माझ्या बापानं बी धर्म बदलला होता. पण दिवसाढवळ्या, साऱ्या वस्तीसमोर. हा चोरावानी गेला. त्याले सांग, मी चोराशी बोलत नसतो.”

ते वाक्य सात महिने माझ्या डोक्यात घुमत होतं. डिसेंबर लागला तसा मला चैन पडेना. प्रार्थनेला बसलो की पाय हलायचे, जेवताना घास तसाच हातात राहायचा. पंचवीस तारखेला बाबा फोनवर येतील की नाही, एवढंच. त्यात थंडी. सायकलच्या गार हँडलमुळे माझा उजवा तळहात भेगाळला होता, रक्त यायचं. गोहलपुरातल्या एका गॅरेजसमोरच्या शेकोटीवर मी रोज हात धरायचो. घरच्या ईमेलमध्ये मात्र ‘मजेत आहे’ एवढंच.

चोवीस तारखेला दुपारी आधारतालच्या आमच्या भाड्याच्या हॉलमध्ये येशूजन्माचं नाटक होतं. ते बसवलं होतं आमच्या चर्चमधल्या वानखेडे काकूंनी. काकू शाळेत शिकवायच्या. त्यांचे वडील अमरावतीकडून इथल्या कारखान्यात आलेले, त्यामुळे काकूंचं मराठी निम्मं हिंदीत.

“अच्छा सुनो एल्डर, तू जोसेफ. काही बोलायचं नाही. बस, मेरी के बाजू में चुपचाप खड़े रहना.”

“काहून काकू, एखादं वाक्य तरी द्या.”

“तुला धड उभं तर राहता येत नाही, सारखा चुळबुळ करून राहिला. वाक्य काय बोलशील?”

तर साडेतीन ते साडेचार मी कापसाची दाढी लावून, पलंगाची चादर पांघरून, तीसेक माणसांसमोर उभा होतो. राव मेंढपाळ होता, माझ्यापासून चार हातांवर. तोंड बंद, पण डोक्यात मी बाबांशी कडाडून भांडत होतो. तुम्ही मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं, तुम्हीच कधी ऐकून घेत नाही, वगैरे. माफीचा एक शब्दही मनात नव्हता. हे मी मुद्दाम लिहितोय.

काकूंनी काढलेला फोटो माझ्याकडे आहे. माझ्या डोक्यावर भिंतीचं घड्याळ दिसतं. चार वाजून पाच मिनिटं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी फोन लावला. आईनं उचलला.

“अरे, पुन्हा? काल तं बोलला नं इतका वेळ.”

“काल? काल नाही गं आई.”

“असा काय करून राहिला? चारला फोन आला तुझा. लागल्या लागल्या म्हणाला, आई, बाबांना दे, मला माफी मागायची आहे. मी म्हटलं, घेतात का नाही... तं हेच उठले.”

आई बोलत राहिली. बाबांनी फोन घेतला, खूप वेळ नुसतं ‘हं, हं’ केलं. मग विचारलं, “हात लय दुखतो काय?” आणि शेवटी हसले. रिसीव्हर ठेवल्यावर आईला म्हणाले, पोराचा हात फाटलाय सायकलच्या हँडलनं, थंडी लय आहे तिकडं, गॅरेजपाशी शेकतो म्हणे.

“बाबांना दे,” मी कसंबसं म्हणालो.

“बाजारात गेले. तुझ्यासाठी हातमोजे पाहायले.”

मी थांबायला हवं होतं. तासाभरानं पुन्हा लावायला हवा होता. पण नियम एका फोनचा, आणि राव हात पुढे करून बसलेला, त्याची आई वाट बघत होती. मी फोन दिला. आजवर मी एवढ्या आज्ञाधारकपणे काही केलं असेल तर तेच, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त पश्चात्ताप आहे.

रावला खोदून खोदून विचारलं. त्यानं मोबाइल समोर धरला. चोवीस तारखेला बाहेर एकही फोन गेलेला नव्हता. घरच्या लँडलाइनवर नंबर दिसायची सोय नव्हती. कुणी थट्टा केली म्हणावं, तर हाताचं रावखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं, आणि राव मराठीत जेवणापलीकडे काय बोलणार?

जानेवारीत पार्सल आलं. आत लोकरीचे राखाडी हातमोजे. पत्ता बाबांच्या अक्षरात, आणि माझ्या आडनावाआधी त्यांनी ठळक लिहिलं होतं — एल्डर.

फेब्रुवारीत बाबा हृदयविकारानं गेले. मी नागपूरला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. घरातून निघाल्यापासून बाबा माझ्याशी एकदाच बोलले, आणि तेव्हा मी आधारतालला दाढी लावून गप्प उभा होतो.

आईला मी खरं सांगितलेलं नाही. सांगून काय सांगू? माझ्या आवाजात ती माफी कुणी मागितली हे मला आजही ठाऊक नाही. मोजे मात्र मीच घातले, भोकं पडेपर्यंत.

दर डिसेंबरात आई न चुकता विचारते, “त्या दिवशी शेवटी तू काय बोलला रे, तुझे बाबा एवढे हसले?”

“आठवत नाही गं,” मी म्हणतो.

मग ती म्हणते, “आठव नं जरा.”