नाईककाकींच्या पायांवरचं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. आता सांगतेय म्हणून माझ्या डोळ्यांत पाणी शोधू नका — नाही सापडणार.

ऐंशीच्या दशकात मी बोरिवलीत घरोघरी जाऊन मॅनिक्युअर-पेडिक्युअर करायचे. पार्लरची पायरी चढायला लाजणाऱ्या बायका मला खुशाल घरी बोलवायच्या. सासरी टोमणे असायचे, लोकांचे पाय धुतेस म्हणून. हो, धुवायचे. लाज तेव्हाही नव्हती, आजही नाही. माझ्यासारख्या टाचा अख्ख्या बोरिवलीत कुणी करत नव्हतं.

फक्त एक खोड होती. गिऱ्हाइकाच्या घरी शिरण्याआधी जिन्यात उभं राहून मी स्वतःच्या नखांना ताजं नेलपॉलिश लावायचे. दार उघडणारीची नजर आधी माझ्या नखांवर जायला हवी ना? ते वाळेपर्यंत मी पाण्यात बोट बुडवत नसे. मला शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं — पाणी आधी आपल्या हाताने बघायचं, मगच गिऱ्हाइकाचे पाय आत. मी ते गिऱ्हाइकालाच विचारायचे. सोपं पडायचं.

नाईककाकी मूळच्या मालवणच्या, स्वभावाने रोखठोक. त्यांना साखरेचा आजार होता. चहा बिनसाखरेचा घ्यायच्या, तोही माझ्यासमोर. तरी त्यांच्या पायांना धड काही कळत नसेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. की आलं होतं आणि मी झटकून टाकलं? खरं सांगू — मला आठवत नाही, आणि आठवून फरकही पडत नाही.

त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांवर मी गुलाबपाण्याचे बोळे ठेवले होते. पाय टबात. पाणी कसं आहे विचारलं, तर म्हणाल्या, "थंडच आसा गो." मी त्यांच्या सुनेला, शैलाला, गरम पाणी आणायला सांगितलं. लग्न होऊन वर्षच झालेली पोर. तिने पातेलं खाली ठेवलं आणि हळूच म्हणाली, "ताई, उकळतंय हं. बेताने घाला."

मी बेताने घातलं नाही. विसणही घेतलं नाही. अख्खं पातेलं ओतलं, आणि वाळत आलेली नखं जपत नुसती बसून राहिले. काकी हूं की चूं करेनात. पाय बाहेर काढले तेव्हा लालभडक झालेले, संध्याकाळपर्यंत फोड आले. जखम भरेना, चिघळत गेली. तिसऱ्या महिन्यात डाव्या पायाची करंगळी कापावी लागली.

पण मी माझं तोंड त्याआधीच उघडलं होतं. दुसऱ्याच दिवशी काकींच्या मुलाने मला बोलावून विचारलं, पाणी ओतलं कुणी? काकींच्या डोळ्यांवर तर बोळे होते. बघणाऱ्या आम्ही दोघीच. मी म्हटलं, शैलाने ओतलं, मी नको म्हणायच्या आत. इतकं सरळ, न अडखळता. शैला नाही म्हणाली, रडली. वर्षभराच्या सुनेचं कोण ऐकतं? घरात तिच्यावर ठपका बसला — मुद्दाम केलं म्हणून. तिची रवानगी माहेरी झाली, चेंबूरला. सहा महिने नवरा तिला आणायला गेला नाही.

आणि मी? मी त्या घरी जात राहिले. काकींच्या उरलेल्या नऊ बोटांची नखं कापत राहिले. तुम्ही नावं ठेवाल. ठेवा. माझं काम बंद पडलं असतं, असं म्हणून मी सुटू शकते, पण ते खोटं आहे. दुसरी घरं पुष्कळ होती. मला फक्त माझं नाव खराब व्हायला नको होतं.

शैला परत आली तेव्हा एकदा स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. भांडण नाही, आवाज नाही. ती म्हणाली, "ताई, तुम्ही एकदा सांगा ना त्यांना."

मी तिच्या डोळ्यांत बघून विचारलं, "काय सांगू?"