खाचरातले नाकतोडे

२००७ साली मारुंजी गावात भाड्याच्या खोलीत राहताना मी एक टॅरँटुला, म्हणजे तळहाताएवढी केसाळ कोळीण, पाळली होती. परदेशी निघालेल्या ऑफिसातल्या मित्राने काचेच्या पेटीसकट ती माझ्या गळ्यात मारली होती. पहिले दोन महिने मी तिला नुसता घाबरून होतो. पुढे संध्याकाळी घरी यायची ओढ वाटू लागली ती तिच्यामुळेच, हे कबूल करायला आता लाज वाटत नाही.

तिच्या दुखण्याखुपण्याबद्दल इंटरनेटवर मिळेल ते मी वाचून काढलं होतं. तिने महिनाभर खाणं सोडलं, पोट काळवंडलं, तरी मी घाबरलो नाही. कात टाकायची वेळ आली होती. एके दिवशी ती उताणी पडलेली दिसली. नवखा माणूस मेली समजून फेकून देईल, मी हातही लावला नाही. दुसऱ्या दिवशी जुनी कात बाजूला आणि ही नवीकोरी. आपल्याला यातलं कळतं, असं तेव्हापासून वाटायला लागलं.

कात टाकल्यावर दातही मऊ असतात, म्हणून दोन आठवडे ते कडक होऊ दिले. मग एका रविवारी सकाळी घरमालकांच्या भातखाचरात नाकतोडे धरायला गेलो. एरवी एकासाठी अर्धा तास धावपळ व्हायची, त्या दिवशी पाच मिनिटांत सहा सापडले. दोन तिने लगेच खाल्ले. उरलेले दुपारपर्यंत डब्यात मेले. झाकणाला भोकं कमी पडली असतील म्हणून मी स्वतःवरच चिडलो.

सोमवारी संध्याकाळी ती थरथरत होती. चालायला गेली की पाय एकमेकांत अडकायचे आणि ती काचेवर आपटायची. मी पाण्याची वाटी भरली, वाचलेलं सगळं आठवून पाहिलं. काहीच जुळेना. फार भीती वाटली.

घरमालक टाकीचं पाणी बघायला वर आले होते. साठीचे शेतकरी, एरवी पेटीकडे बघून दारातूनच नाक मुरडायचे. आज चपला काढून आत आले.

"काय घातलंत खायला?"

"नाकतोडे. तुमच्या खाचरातले."

ते पेटीवर वाकले. "शनिवारीच औषध फवारलंय की तितं. किडं अर्धमेलं झालं हुतं, म्हणून तर तुमच्या हाती लागलं."

"आता काही करता येईल?"

"न्हाई."

माझा आवाज चढला. "मला सांगायचं तरी होतं, काका."

"सांगितलं की. फवारायच्या आधी खालनं हाक मारली, खिडकी लावून घ्या म्हणून. लावलीत की तुमी."

खरं होतं. औषधाचा वास तिला बाधेल म्हणून मी खिडकी लावली होती, खालच्या फटीत ओलं फडकंही कोंबलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन त्याच खाचरात उतरलो होतो. बुधवारी जीव जाईपर्यंत ती थरथरत राहिली.