सिस्टरची फटफटी

धुरंधर हे काही त्याचं आडनाव नव्हतं. टू-स्ट्रोक गाड्यांच्या धुरात त्याचा सगळा जन्म गेला, म्हणून गिऱ्हाइकांनी ठेवलेलं ते नाव. सकाळी गॅरेजचं शटर वर गेलं की तासाभरात आत निळसर पडदा धरायचा आणि त्या पडद्यामागून खोकत, डोळे पुसत, चिमटीत काळाकुट्ट प्लग धरून जो माणूस बाहेर यायचा तो धुरंधर. पुढे रागावली की बायकोही त्याच नावाने हाक मारायला लागली, तेव्हा त्याने ते कायमचं पत्करलं.

गॅरेजच्या मागच्या दारातून आत गेलं की त्याचं घर. पहिल्याच खोलीत खिडकीशी बायकोचं शिलाई मशीन. ती शाळेचे गणवेश शिवायची, त्यामुळे खोलीभर पांढऱ्या शर्टांचे ढीग. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात एका ढिगावर ऑईलचे पाच ठसे उमटले आणि त्या दिवसापासून मधलं दार ही सरहद्द ठरली. त्याने हात धुतल्याशिवाय आत यायचं नाही आणि तिने काही झालं तरी गॅरेजात पाऊल टाकायचं नाही. इतक्या वर्षांत दोघांनीही हा तह मोडला नव्हता.

नव्या फोर-स्ट्रोक गाड्या आल्या तेव्हा धुरंधराने तोंड वाकडं केलं. "ह्या काय गाड्या? शिवणयंत्रं आहेत नुसती. टिकटिक, टिकटिक."

"मग?" आतून आवाज आला. "टिकटिक केली म्हणून वाईट झाली वाटतं?"

त्यानंतर त्याने ती उपमा बायकोच्या कानावर पडणार नाही अशा बेताने वापरली. पोटासाठी त्याने त्याही गाड्या दुरुस्त केल्या, पण जीव जुन्यांतच अडकलेला. काही वर्षं गेली आणि गंमत झाली. ज्यांनी आपल्या टू-स्ट्रोक भंगारात काढल्या होत्या तीच माणसं गंजके सांगाडे शोधून आणायला लागली. कुणाला वडिलांची हवी होती, कुणाला कॉलेजातली. एक टकलू गृहस्थ बायकोला घेऊन आले. गाडी सुरू झाल्यावर दोघं सायलेन्सरमागे धुरात उभी राहिली आणि बाई पदर नाकाला न लावता म्हणाल्या, "हाच वास यायचा तुमच्या शर्टाला." धुरंधर त्या दिवशी जेवताना सारखा हसत होता.

त्याचं सगळं भांडवल होतं कानात. गाडी कोपऱ्यावरून वळायच्या आधी तो सांगायचा, सायलेन्सर तुंबलाय, किंवा रिंग गेलीय. लोक पैजा लावायचे आणि हरायचे.

तो कान जात चाललाय हे त्याला स्वतःला सगळ्यांत शेवटी कळलं, आणि कळल्यावरही त्याने त्याकडे कानाडोळाच केला. लेक परगावाहून फोन करायची, "बाबा, कसे आहात?" हा म्हणायचा, "हो, हो, देतो आईला," आणि फोन बायकोच्या हातात. गिऱ्हाईक काय म्हणतंय ते तो ओठांवरून ताडायचा. चाललं होतं, तोवर दूधवाल्याची गाडी आली.

दूधवाला अजूनही जुन्या टू-स्ट्रोकवर दोन्ही बाजूंना कॅन लटकवून फिरायचा. धुरंधराने त्याचं इंजिन खोललं, बांधलं, चालवून पाहिलं, दिलं. इंजिन कुठून तरी फाजील हवा ओढत होतं. अशा वेळी गाडीचा आवाज बारीक, चिरका होतो. एरवी धुरंधराने तो झोपेतही ओळखला असता. त्या दिवशी त्याला तो ऐकूच आला नाही. दुसऱ्या सकाळी भर रस्त्यात पिस्टन जाम झाला, मागचं चाक जागच्या जागी थांबलं आणि दूधवाला दुधासकट रस्त्यावर. मनगट मोडलं.

धुरंधर दवाखान्यात गेला. दूधवाला म्हणाला, "अहो मिस्त्री, जुनी गाडी आहे, व्हायचंच." ते समजुतीचं बोलणं त्याला शिवीपेक्षा जास्त लागलं. घरी येऊन त्याने शटर ओढलं. बायकोला म्हणाला, "गुडघे दुखतात. झालं आता पुष्कळ."

बायकोने गुडघ्यांकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि मशीनवर जाऊन बसली.

महिनाभर तो घरात पडद्यांच्या कड्या दुरुस्त करत बसला. नळाला नसलेली गळती त्याने दोनदा काढली. तिसऱ्यांदा पाना घेऊन निघाला तेव्हा बायको म्हणाली, "नळाला जरा जगू द्या." तेवढ्यात शटरवर थापा पडल्या. धुरंधर ढिम्म. बायकोने खांद्याला हात लावून सांगितलं, "कुणीतरी आलंय."

बाहेर टेम्पोत दोऱ्यांनी बांधलेली एक फटफटी होती आणि तिच्याशेजारी पांढरा अंबाडा घातलेली, काठीसारखी ताठ म्हातारी. सगळा परिसर तिला सिस्टर म्हणून ओळखायचा. नर्सच्या नोकरीतून निवृत्त होऊन किती तरी वर्षं झाली होती, पण हुकूम सोडायची सवय निवृत्त झाली नव्हती.

"मिस्त्री, ही सुरू करून द्या."

"गॅरेज बंद केलंय, सिस्टर."

"ते दिसतंय. उघडा."

धुरंधर गाडीकडे बघत राहिला. टाकीचा रंग उडालेला, सीटमध्ये उंदरांनी संसार थाटलेला, किक जागेवर घट्ट बसलेली. पण हेडलाइटखाली औषधांची पेटी अडकवायचा लोखंडी हूक अजून होता. त्या हुकावरून त्याने गाडी ओळखली. लेकीच्या वेळी बायकोच्या कळा सुरू झाल्या आणि हा उंबऱ्यात उभा राहून रस्त्याकडे कान लावून होता. बाईमाणसाने फटफटी चालवायची म्हणून तेव्हा लोक बोटं मोडायचे आणि अडलं की त्याच फटफटीची वाट बघायचे. दुरून टेकाडापलीकडून तिची फटफट ऐकू आली तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला होता.

"ठेवून जा," तो म्हणाला.

पुढचे काही दिवस जाम पिस्टन सोडवण्यात गेले. प्लगच्या भोकातून ऑईल ओतायचं, थांबायचं, किकवर हलकेच जोर द्यायचा, पुन्हा थांबायचं. घाई केली की सगळंच तुटतं. सिस्टर रोज यायच्या, स्टुलावर बसायच्या आणि न विचारता सूचना द्यायच्या. पिस्टन सुटला त्या दिवशी दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, जणू बाळ रडलं.

पण सिस्टरच्या नजरेतून काही सुटत नसे. आपण समोर असलो की हा उत्तर देतो, पाठीमागून बोललं की नाही, हे त्यांनी हेरलं. एक दिवस तो वाकून ठिणगी देणारा मॅग्नेटो पुसत असताना त्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "मिस्त्री, तुमच्या पँटला आग लागलीय."

धुरंधर शांतपणे मॅग्नेटो पुसत राहिला.

मधल्या दाराशी चहाचे कप घेऊन उभी असलेली बायको आधी खुदकन हसली. मग तिचं हसू थांबलं. धुरंधराने मान वळवली तर दोघी त्याच्याकडे बघताहेत.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"तुम्हाला ऐकू येत नाही," सिस्टर म्हणाल्या. "कधीपासून?"

त्याने फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग खाली बसला आणि दूधवाल्याचं सगळं सांगितलं. बारीक आवाज, न ऐकलेला. मनगट. शटर. "हात आहेत," तो म्हणाला, "पण कानाशिवाय हात आंधळे. मी गाडी बांधीन आणि तुम्ही पडाल. मग?" आणि बायकोकडे न बघता म्हणाला, "तुला सांगायला हवं होतं."

"मला काय सांगताय? दोन वर्षं मी ओरडून बोलतेय. शेजारच्यांना वाटतं आपलं रोज भांडण होतं. परवा शेजारीण समजूत घालायला आली होती."

सिस्टर त्याला दुसऱ्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, म्हणजे जवळजवळ उचलूनच. डॉक्टरांनी सांगितलं, आयुष्यभराच्या आवाजाने कान झिजलेत. यंत्र लावून बोलणं ऐकू येईल, फार बारीक आवाज आता परत यायचे नाहीत. यंत्र लावून तो घरी आला, दोन मिनिटं उभा राहिला आणि म्हणाला, "तुझ्या मशीनचं काहीतरी वाजतंय."

"दोन वर्षं वाजतंय. तुम्ही दुरुस्त कराल म्हणून वाट बघतेय."

पण गाडीचा प्रश्न सुटला नव्हता. इंजिन बांधून झालं, टाकी रंगली, नवी केबल पडली, पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून झालं. किक मारायची वेळ आली आणि धुरंधर नुसता उभा. कानातल्या यंत्रातून त्याला सगळं पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं ऐकू यायचं. त्यातून बारीक आवाज कसा निवडायचा?

बायकोने चपला घातल्या आणि मधलं दार ओलांडून गॅरेजात आली. पांढऱ्या सुताचे धागे अजून तिच्या पदराला चिकटलेले होते.

"मारा किक. मी ऐकते."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"गाडीतलं नाही कळत. तालातलं कळतं. सुई एक टाका चुकली तरी मला न बघता समजतं."

तिसऱ्या किकला फटफटीने घसा खाकरला आणि गॅरेज धुराने भरलं. सिस्टरनी डोळे मिटले. धुरंधराने एका हाताने मूठ पिळली-सोडली, दुसऱ्याचा तळहात इंजिनावर ठेवला आणि बायकोच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. आधी ती मान डोलावत होती. मग तिच्या कपाळावर आठी पडली.

"बंद करा."

"काय झालं?"

"खाली येत नाही ती. तुम्ही मूठ सोडलीत तरी वरच्या पट्टीतच राहते. आणि मध्येच बारीक होते. चिरकते."

धुरंधराने झटकन इंजिन बंद केलं. हाच तो आवाज. बायकोच्या तोंडून तो त्याला ऐकू आला होता. त्याने भराभर बाजूचं झाकण काढलं, मॅग्नेटोचं चाक ओढून काढलं, आतलं हवा अडवणारं रबरी सील बाहेर घेतलं. घरात जुनं पाकीट पडलेलं होतं म्हणून त्याने त्यातलं वापरलं होतं. बोटांत वाकवल्याबरोबर त्याला केसाएवढी चीर दिसली. बहुधा दूधवाल्याच्या गाडीतही त्याने ह्याच पाकिटातलं सील घातलं होतं. पाकीट त्याने कचऱ्यात टाकलं.

नवं सील बसलं, पुन्हा किक. बायको बराच वेळ ऐकत राहिली. "आता बसली," ती म्हणाली. "आता लयीत आहे."

गॅरेज उघडल्याची बातमी पसरली तसा दूधवाला एका हाताने गाडी ढकलत आला. "मनगट बसलं, मिस्त्री. आता हिलाही बसवा." धुरंधराने त्याच्या हातून हँडल घेतलं. त्याने गाडी आत घेतली. ती तयार झाल्यावर बायकोने ऐकली, नापास केली, पुन्हा ऐकली, मग पास केली. दूधवाला म्हणाला, "वहिनी, तुम्ही परीक्षक फार कडक." त्यानंतर कुठलीही गाडी तिने ऐकल्याशिवाय बाहेर गेली नाही. गणवेशांवर अधूनमधून एखादा डाग पडू लागला. ती तेवढा भाग खिशाखाली लपवायला शिकली.

सिस्टरची फटफटी त्यांनी गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात नेली. सिस्टरच्या पायात किक मारण्याइतकं बळ नव्हतं. धुरंधराने मारली. सिस्टरनी दोन्ही हातांनी हँडल धरलं. क्लच सुटला आणि त्या निघाल्या. धुरंधर घाबरून थोडं अंतर मागे धावला, धाप लागली तसा थांबला. मैदानाच्या टोकाला त्या वळल्या, थोड्या कलंडल्यासारख्या झाल्या, सावरल्या. पाठीमागे निळ्या धुराची लांब रेघ.

एक फेरी मारून त्या परत आल्या, इंजिन बंद केलं आणि उतरायला धुरंधराचा खांदा मागितला.

"जड झालीय," त्या म्हणाल्या.

"गाडी तेवढीच आहे, सिस्टर."

"मग मी हलकी झालेय." त्या गवतावर बसल्या. "हिला तुमच्याकडेच राहू द्या. माझ्याकडे पुन्हा गंजेल. मी रविवारी येत जाईन."

"रोज या."

"रोज तुमची कटकट कोण ऐकणार?"

बायकोने पिशवीतून थर्मास काढला. तिघांनी आळीपाळीने एकाच झाकणातून चहा प्यायला. सिस्टर सांगत होत्या, एकदा नदीच्या पुलावर पेट्रोल संपलं तेव्हा त्यांनी गाडी ढकलत नेली आणि पोहोचल्या तेव्हा बाळ आधीच आलेलं, आजीने कात्रीने नाळ कापून त्यांनाच आराम करायला सांगितलं. सांगता सांगता त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. धुरंधराने कानातलं यंत्र नीट बसवलं आणि म्हणाला, "पुन्हा सांगा, शेवटचं नीट ऐकू आलं नाही."

सिस्टरनी सुरुवातीपासून पुन्हा सांगितलं.