घड्याळ सुरू होण्याआधी

मॅडमच्या वर्गात नव्या मुलांची पहिल्याच आठवड्यात जिरायची. पदवी पदरात पाडून आलेली ही मुलं, संगणकाला आकडेवारी चारली की तो भविष्य सांगतो अशा थाटात बसायची. विषयच तसा होता: डेटा सायन्स वापरून शहरातले खरे प्रश्न सोडवायचे. मॅडम फळ्याला पाठ टेकून विचारायच्या, "हा आकडा जन्मला कुठे? लिहिला कुणी?" मुलं संगणकाकडे बोट दाखवायची. "मग आधी त्याचं बाळंतपण बघून या." म्हणजे आकडा जिथे नोंदला जातो तिथे अख्खा दिवस जाऊन बसायचं. त्याशिवाय मॅडम कुणाच्या कामाला हात लावायच्या नाहीत. मुलं मागून त्यांच्या नकला करायची, पण जायची.

एका आकड्याच्या बाबतीत मात्र मॅडमनी स्वतःचाच नियम पाळला नव्हता, आणि तो आकडा सहा वर्षं त्यांच्या मानगुटीवर बसला होता.

आठ मिनिटं. नवरा स्वयंपाकघरात कोसळला त्या संध्याकाळी रुग्णवाहिका आठ मिनिटांत आली, असं रुग्णवाहिका सेवेच्या नोंदीत होतं. मॅडमना आठवत होतं ते वेगळंच. तो पडला, त्यांनी लगेच फोन केला. फोनवरची बाई म्हणाली, त्यांना हलवू नका, खाली जाऊन गाडीला घर दाखवा. नवरा निपचित पडला होता. त्याला तसाच टाकून मॅडम धावत फाटकाशी गेल्या. तेव्हा चांगला उजेड होता. गाडी आली तेव्हा उतरणाऱ्या माणसाचा चेहरा दिसत नव्हता. आठ मिनिटांत एवढा काळोख पडत नाही. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

दुसरी कुणी असती तर त्या सेवेच्या दारात जाऊन भांडली असती. मॅडमनी नोंद मागवली, आकडा पाहिला आणि स्वतःलाच खोटं ठरवलं. घाबरलेल्या माणसाच्या आठवणीवर विसंबू नका, हे त्या जन्मभर शिकवत आल्या होत्या. गाडी वेळेवर आली, तर मग उशीर कुणी केला? फोनच उशिरा केला असणार. पडणं आणि फोन यांच्या मधे रिकामी जागा होती, आणि रिकामी जागा दिसली की अंदाजाने भरायची, हा तर त्यांचा रोजचाच धंदा. आधी गॅस बंद केला असेल. चष्मा शोधला असेल. त्याला हलवत वेड्यासारखी बसून राहिले असेन. ही जागा त्यांनी इतक्यांदा भरली की पुढे पुढे सगळं समोर दिसायला लागलं. संध्याकाळी घरी आल्या की स्वयंपाकघरात एक बाई असायची. त्यांच्याच कपड्यांतली, ओट्यावर चष्मा चाचपडणारी, पायाशी नवरा पडलेला. अगं, फोन कर, असं मॅडम मनातल्या मनात तिला विनवायच्या. ती आपली शोधतच राहायची.

शेजारच्या खोलीत सासूबाई असत. त्या संध्याकाळीही त्या तिथेच होत्या, मोडलेला पाय प्लास्टरमध्ये, उठायची सोय नाही. नोंद हातात आली त्या दिवशी मॅडमनी त्यांना सांगून टाकलं होतं, "आई, गाडी आठ मिनिटांत आली होती. उशीर माझ्याकडून झाला." सासूबाई छताकडे बघत "बरं" म्हणाल्या. पुढे त्या विषयाला घरात कुणी तोंड फोडलं नाही. म्हातारीने आपल्याला माफ केलेलं नाही, एवढंच मॅडमना त्या 'बरं'मधून कळलं. दोघी एकमेकींची औषधं आठवणीने काढून देत आणि एकमेकींच्या डोळ्यांत बघणं टाळत.

यंदा त्या सेवेनेच विद्यापीठाकडे प्रश्न पाठवला: शहरात गाड्या कुठे उभ्या कराव्यात? मॅडमना हे काम नको होतं, पण नाही म्हणायला निमित्त सापडेना. मुलांनी झपाट्याने उत्तर काढलं. पुलापलीकडचं रुग्णवाहिकेचं ठाणं बंद करा, तिथली गाडी गर्दीच्या भागात हलवा; पुलापलीकडे नाहीतरी गाडी झटपट पोचते आहे. मॅडमचं घर पुलापलीकडेच होतं. त्यांनी आकडेमोड उलटसुलट तपासली, तिच्यात खोट सापडली नाही.

वर्गातल्या एका मुलीला सगळे घूस म्हणायचे, कारण कुठलीही गोष्ट पोखरल्याशिवाय तिला चैन पडत नसे. नियमाप्रमाणे ती सेवेच्या फोन घेण्याच्या खोलीत दिवसभर बसून आली आणि दुसऱ्या दिवशी मॅडमच्या दारात उभी राहिली.

"मॅडम, घोळ आहे."

"बस आणि सांग."

"फोन आला की घड्याळ सुरूच होत नाही. गाडी ठाण्यातून निघाली की ड्रायव्हर बटण दाबतो, तेव्हा सुरू होतं. गाडी मोकळी नसेल तर तिथल्या ताई पत्ता फळ्यावर लिहून ठेवतात. गाडी सुटली की पुसून टाकतात. तो मधला वेळ कुठेच राहत नाही. आणि पुलापलीकडे एकच गाडी आहे, मॅडम. तिथली माणसं नुसती फळ्यावर लटकलेली असतात. काल एक पत्ता मी जेवून आले तरी तिथेच होता."

"हे पहिल्यापासून असंच आहे?"

"ताई म्हणाल्या, त्या नोकरीला लागल्यापासून. मुलं मोठी झाली त्यांची तेवढ्या काळात."

मॅडमनी तिला सेवेला काय कळवायचं ते सांगितलं: ठाणं बंद करणं सोडाच, तिथे दुसरी गाडी हवी, आणि घड्याळ फोनच्या पहिल्या घंटीला सुरू झालं पाहिजे. आवाज अगदी वर्गातला होता. घूस गेल्यावर त्यांनी दार लावून घेतलं. पोरांना उन्हातान्हात पिटाळलं आणि स्वतः त्या खोलीची पायरी चढायचं धाडस केलं नाही, याचा त्यांना भयंकर राग आला. मग एकदम हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाची लाजही वाटली.

घरी आल्या तेव्हा ओट्याशी कुणी नव्हतं. हातपायही न धुता त्या सासूबाईंच्या पलंगावर जाऊन बसल्या.

"आई, त्या दिवशी फोन मी लगेच केला होता. गाडीच उशिरा निघाली. तो आकडा चुकीचा होता."

सासूबाई उशीला टेकून उठून बसल्या. मग म्हणाल्या, "मी ऐकलं होतं. धप्पकन आवाज आला, आणि पाठोपाठ तुझं फोनवर पत्ता सांगणं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तू एवढी शिकलेली, कागद बघून आलेली. आठ मिनिटं म्हणालीस. मला वाटलं, माझेच कान गेले. गोळ्यांच्या गुंगीत काहीबाही ऐकलं असेल."

मॅडमनी त्यांचा हात हातात घेतला. आता दोघी मिळून रडू, आणि हे घर एकदाचं यातून सुटेल, असं त्यांना वाटलं. सासूबाईंच्या डोळ्यांत मात्र पाणी नव्हतं. त्या मनाशी काहीतरी जुळवत होत्या.

"म्हणजे माझे कान ठीक होते."

"हो, आई."

"आणि तू खाली फाटकाशी होतीस. खूप वेळ."

"हो."

सासूबाईंनी हात हळूच सोडवून घेतला.

"मग तू खाली गेल्यावर तो मला हाका मारत होता गं," त्या म्हणाल्या. "तेही खरंच असणार."