बाईवर दाम आला

भाऊबीजेनंतरचा आठवडा आमच्या घरी जत्रेसारखा असतो, फक्त पाळणा नसतो. यंदा तोही होता. भावाच्या मुलाचं बाळ त्यात पडल्या पडल्या अख्ख्या घराला हुकूम सोडत होतं.

आम्ही बहिणी दारव्ह्याला भावाकडे जमतो. आमच्यामागून आमची पोरं येतात, पोरांच्या मागून त्यांची पोरं. गाद्या गच्चीपर्यंत जातात. अंघोळीचे नंबर लागतात आणि ते करंज्यांच्या बदल्यात फिरवले जातात. मी सगळ्यात धाकटी, म्हणजे पन्नाशी ओलांडलेली धाकटी. त्यामुळे भांडण लावणं आणि नंतर ते मिटवायला जाणं, दोन्ही कामं माझ्याकडे.

यंदा दोन माणसांची खास बडदास्त होती. एक आमचे जावई, भावाच्या मुलीचे यजमान. गाव कोल्हापूरकडचं आणि लग्नानंतरचा हा पहिला दिवाळसण. दुसरी आमची सर्वांत मोठी बहीण. तिला लहानथोर सगळे बाईच म्हणतात. बाई घाटंजीच्या आपल्या घरी एकटी राहायची. उन्हाळ्यात तिचे दोन्ही गुडघे बदलले आणि भाऊ तिला दारव्ह्याला घेऊन आला. पुढे डॉक्टर म्हणाले, आता चाला, फिरा, जिना चढा. भावाने त्यातलं 'डॉक्टर म्हणाले' एवढंच ऐकलं आणि पुढचं वाक्य स्वतः रचलं. बसून राहा.

त्यासाठी त्याने एक पांढरी प्लास्टिकची खुर्ची आणली. बाई जिथं जाईल तिथं खुर्ची तिच्या आधी पोचायची.

पहिल्याच संध्याकाळी अंगणात डबा ऐसपैस रंगला. तेलाचा रिकामा डबा लांब फेकायचा, एकाने तो आणायचा, तोवर बाकीच्यांनी लपायचं. जो पहिला सापडेल त्याचं नाव घेऊन 'ऐसपैस' ओरडायचं, पुढची पाळी त्याच्यावर. त्या पाळीला आमच्याकडे 'दाम' म्हणतात. धाकटी भाची ओरडली, "जिजाजी, तुमच्यावर दाम!"

जावई बिचारे उठले, खिशातून पाकीट काढलं आणि अदबीने म्हणाले, "किती द्यायचं?"

अंगण लोळलं. माझी पाठ भिंतीला टेकून घसरत घसरत ओट्यावर आली. भावाच्या मुलीने नवऱ्याच्या कानात अर्थ सांगितला तेव्हा ते लाजले. "व्हय की! आमच्याकडं ह्याला राज्य म्हणत्यात."

पण भाऊ हसला नाही. पायरीवर उभा राहून गरजला, "जावयावर दाम देता? दिवाळसण आहे त्यांचा! ते कच्चा लिंबू."

कच्चा लिंबू म्हणजे खेळात बागडणारं शेंबडं पोर. ते आउट होत नाही, त्याच्यावर दाम येत नाही, त्याला कोणी मोजत नाही. पाहुणचार करता करता सासऱ्याने जावयाला दुडदुडत्या नातवाच्या रांगेत बसवलं होतं. तेवढ्यावर तो थांबला नाही. खुर्चीकडे बोट करून म्हणाला, "अन् बाईपण कच्चा लिंबू."

"मी?" बाई खुर्चीतून अर्धी उठली. "अरे, तुहं नाक पुसून तुले म्या कच्चा लिंबू केलंतं. माह्या पदराले धरून पळत होता तू."

"थे तवाचं झालं."

"बरं. मंग आताचं आयक. हा आठवडा झाला का मी घाटंजीले चालली."

"कायले? तिथं कोण आहे तुले?"

"माहं घर आहे. कडीपत्ता आहे दारात, त्याले पाणी कोण घालते?"

"बाई, तू एकटी पडली-झडली तं?"

"तं उठीन."

भावाने सगळ्यांकडे पाहिलं. मग मोठ्या थाटात, नाटकातल्या राजासारखं, त्याने जाहीर केलं, "आयका बरं सारे! ज्या दिवशी बाई आपल्या डावात दाम देईन, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी स्वतः गाडीनं तिले घाटंजीले सोडून देतो. तवरोक ती इथंच."

आणि गालात हसला. कारण या घरात बाईला आउट करायची कोणाची छाती होणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. आम्हाला सगळ्यांनाच बाई जवळ हवी होती. तिच्यासमोर कोणी बोलत नव्हतं, एवढंच.

तसंच झालं. पुढचे सगळे दिवस बाई लपायची आणि दाम असलेला माणूस तिच्याकडे पाठ करून उभा राहायचा. एकदा ती मुद्दाम पडद्याबाहेर डोकं काढून खोकली. दाम असलेला नातू म्हणाला, "मांजर आहे वाटते."

बाजाराच्या दिवशी आम्ही वरातीसारखे निघालो. पुढे भावाचा मुलगा डोक्यावर खुर्ची घेऊन. भज्यांच्या गाडीजवळ खुर्ची टेकवली, तर एक अनोळखी आजोबाच तिच्यात बसले आणि 'एक प्लेट' म्हणाले. टिपेश्वरला वाघ पाहायला गेलो तेव्हा दोन जीप केल्या आणि खुर्ची टपावर बांधली. फाटकावरच्या वनरक्षकाने विचारलं, "हे कायले?"

"वाघ आला तं त्याले बसाले नको?" बाई म्हणाली.

वाघ आला नाही. नीलगाय आली. पण परतताना पांढरकवड्याच्या ढाब्यावर पोचेपर्यंत पोरांनी त्या नीलगायीला पट्टे काढले होते. ट्रकवाल्यांसमोर माझ्या लेकाने डरकाळीही फोडून दाखवली. त्या गोंधळात मी पाहिलं, जावई आणि बाई एका खाटेवर बसून चहा पीत होते. दोघांचे चेहरे सारखेच आंबट. दोन्ही लिंबं एका खाटेवर!

"आत्या," जावई म्हणत होते, "चार दिवस झालं, मला कोण खेळायला घेईना."

"मले चाळीस वर्षं घेतलं, आता घेत नाई. सांगा, कोणाचं दुःख मोठं?"

इकडे भावाचा जीव वेगळ्याच कारणाने टांगलेला. दिवाळसणाला जावयाने काही मागायचं असतं आणि सासऱ्याने ते नाही म्हणायचं नसतं. भाऊ रोज सकाळी विचारायचा, "बोला जावईबापू, काय पाहिजे? अंगठी? घड्याळ?" ते म्हणायचे, "काय नको, मामा." भावाला वाटे, रुसले. भाकरीला तूप जास्त वाढलं जाई.

शेवटच्या दिवशी शेतात रोडग्यांची पंगत होती. गोवऱ्यांच्या आरात रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, भाजायचं काम पुरुषांचं. भाऊ राखेने माखला होता. रोडगे फोडून तूप ओतलं, वर वरण, सोबत वांग्याची झणझणीत भाजी. दिवस कलता कलता जेवून सगळे आंब्याखाली आडवे झाले. एका बाजूला कापूस फुटलेला, दुसऱ्या बाजूला तुरी पिवळ्या फुलांवर. मी म्हटलं, झोपायचं काय, डबा काढा! (सांगितलं ना, भांडण लावायचं काम माझ्याकडे.)

"आज माझ्यावर राज्य," जावई बाह्या सारत म्हणाले. भाऊ 'अहो, अहो' करेपर्यंत भाच्याने डबा भिरकावला आणि जावई धावलेसुद्धा. आम्ही पांगलो. मी आम्हाला घेऊन आलेल्या जीपमागे.

जावयांनी डबा आणून ठेवला, चहूकडे नजर फिरवली आणि खणखणीत आवाजात ओरडले, "आत्या, बैलगाडीच्या मागं! ऐसपैस!"

 मग एकेक जण लपलेल्या जागेतून बाहेर आला. भाऊ कपाळाला हात लावून म्हणाला, "जावईबापू, ती कच्चा लिंबू आहे ना. दुसरा कोणी पाहा."

"तसं कसं? डाव म्हंजे डाव. आत्या पहिल्या दिसल्या, आत्या आउट."

"पण तिचे गुडघे..."

"मामा, रोज विचारालायसा न्हवं, काय पाहिजे म्हणून? आता सांगतो. आत्यांवर राज्य पाहिजे. दुसरं काय नको."

 दिवाळसणाचं मागणं! अंगठी मागितली असती तर दिली असती, घड्याळ मागितलं असतं तर दिलं असतं. भावाने माझ्याकडे पाहिलं. मी तुरीच्या फुलांकडे पाहिलं.

"आउट!" बाई बैलगाडीमागून आली ती दोन्ही हात वर करून. "मी आउट! आयकलं का रे? मी आउट झाली!" आउट झाल्याचा असा आनंद मी उभ्या जन्मात पाहिला नाही.

भाचा डबा हळूच जवळ टाकायला निघाला. बाई कडाडली, "फेक बापा नीट! विहिरीच्या पलीकडं गेला पाहिजे."

गेला. बाईने पदर खोचला आणि निघाली. धावली नाही. ढेकळांतून, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चढून, विहिरीला वळसा घालून, एकेक पाऊल असं टाकत गेली की पावलाने जमिनीला विचारावं, तयार आहेस का? धुरा उतरताना क्षणभर थांबली, तेव्हा भावाचा हात आपोआप पुढे झाला. हात इथं, बाई तिथं. ती उतरली. कापसात वाकली आणि डबा डोक्यावर धरून तशीच परत आली.

आम्ही सगळे जागच्या जागी उभे.

"हे काय? अजून लपले नाई? माहे गुडघे बदलले, डोळे नाई बदलले!"

तेव्हा कुठे पळापळ झाली. माझी जीप मी पुन्हा पकडली आणि चाकामागून डोकावले. बाईने आंब्याखालची खुर्ची ओढत आणली, डब्याशेजारी ठेवली, ऐसपैस बसली आणि एक पाय डब्यावर ठेवला. शोधायला उठलीच नाही. जावई मोठ्याने म्हणाले, "आता कळलं, आमच्याकडं ह्याला राज्य का म्हणत्यात!"

मी खुदकन हसले. तेवढं पुरलं. पण बाई माझं नाव घेणार, इतक्यात सोयाबीनच्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगामागून जोरदार शिंक आली. कुटार नाकात गेलं की भाऊ शिंकतो, लहानपणापासून. बाईने मान न वळवता डब्यावर टाच आपटली.

"भाऊ, कुटारामागं! ऐसपैस! तुह्यावर दाम!"

त्या दिवशी भाऊ दाम देऊ शकला नाही. अंधारून आलं, आर विझवून आम्हाला निघावं लागलं.

सकाळी त्याने शब्दाप्रमाणे गाडी काढली. बाईची पिशवी मागे ठेवली, फराळाचा डबा ठेवला आणि सवयीने खुर्ची टपावर बांधायला घेतली. बाईने दोरी सोडली, खुर्ची उतरवली आणि पायरीजवळ ठेवली.

"हे राहू दे तुले," ती पुढच्या सीटवर बसत म्हणाली. "तुह्यावर दाम बाकी आहे. थकला तं बसजो."